एप्सम स्नान: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

ज्या नाशिककरांच्या अंगातली विषद्रव्ये बाहेर काढायची राहून गेली आहेत, त्यांनी एप्सम सॉल्टच्या स्नानाचा अवश्य लाभ घ्यावा. आमच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर असे एक स्नान नुकतेच यथासांग पार पडले आणि त्याचे परिणाम खालच्या सर्व मजल्यांना तत्काळ जाणवले, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे.

मीठ घेताना काचेची बरणी, लाकडी चमचा आणि लॅव्हेंडरचा वास हे तिन्ही आहेत ना, ते पाहावे. हेच मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, निफाड-दिंडोरीकडे कृषी सेवा केंद्रात प्लास्टिकच्या बॅगेत मिळते. द्राक्षाच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, की बागायतदार ते ठिबकमधून सोडतात. पण वेलीला लागू पडणारी वस्तू आपल्यासारख्यांनी वापरणे शोभत नाही. (खताचा माल अंघोळीसाठी शुद्ध केलेला नसतो हे मान्य, बरणीचा दर मात्र तेवढ्याने समजत नाही.) शिवाय या स्फटिकांच्या वजनात सुमारे ५१ टक्के पाणीच असते. पाणी विकत आणून पाण्यात ओतण्याचे समाधान काही वेगळेच असणार.

परंपरेची चिंता नसावी. इंग्लंडमधल्या एप्सम गावी १६१८ साली ऐन उन्हाळ्यात तहानलेल्या गाईंनी तिथल्या कडू पाण्याला तोंड लावले नाही आणि त्यातून या मिठाचा शोध लागला, अशी कथा सांगतात. गाईंचे मत पुढे कोणी विचारात घेतले नाही.

विषद्रव्ये बाहेर काढायचे काम रोज करणाऱ्या यकृत आणि मूत्रपिंडे यांना त्या दिवशी रजा द्यावी.

टब भरताना हात आखडता घेऊ नये. नेहमीच्या आकाराच्या टबाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, म्हणजे वीस लिटरच्या आठ-दहा बादल्या, आणि त्यासाठी मुहूर्त शनिवारचाच धरावा. ‘शनिवारी पाणीपुरवठा बंद राहील, रविवारी सकाळी कमी दाबाने होईल’ ही बातमी वाचून बाकीचे सभासद पिंप आणि कळश्या भरून ठेवत असतात, तेव्हा गच्चीवरच्या टाकीत जे उरते ते आपल्या स्नायूंसाठीच उरलेले आहे, असे समजावे. मधेच पाणी गार झाले तर अर्धे सोडून द्यावे आणि पुन्हा गरम भरावे. खाली कोणी डोक्याला शाम्पू लावून उभा असेल, त्याच्या नळातून आधी फुसफुस, मग तपकिरी धार आणि मग काहीच येणार नाही. तो माणूस मी होतो. पिण्याच्या पाण्याच्या कळशीने मी डोके धुतले, शेजारच्या आजींनी भांडी तशीच ठेवली, आणि जिन्यात भेटल्यावर वरच्या मजल्यावरच्या या स्नानकर्त्या गृहस्थांनी मला सांगितले की मॅग्नेशियम त्वचेतून थेट रक्तात जाते, आपणही एकदा करून पाहा. कशाने करू? कोणत्या पाण्याने?

मॅग्नेशियम त्वचेतून असे सहज आत जात नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर बाहेरचे बाहेर ठेवण्यासाठीच आहे, आणि अंघोळीतून लक्षात येण्याजोगे मॅग्नेशियम रक्तात उतरते याला भक्कम पुरावा नाही. गरोदर बाईला रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा डॉक्टर हेच औषध इंजेक्शनने देतात. टबाने काम भागले असते तर सुई कोणी टोचली असती? अंग मोकळे वाटते ते गरम पाण्यामुळे आणि अर्धा तास फोन बाजूला राहिल्यामुळे. त्यासाठी बरणी लागत नाही. पाय दुखत असतील तर ते अर्ध्या बादलीत बुडतात. तेही मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना हौसेने करायला लावू नका; त्यांची पावले बधिर असू शकतात, पोळलेले कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही.

टाकी सगळ्यांची आहे, एवढे कळायला कोणतेही मीठ लागत नाही. पाणीबंदीच्या दिवशी टब भरायचा असेल तर टँकर स्वतःच्या पैशाने मागवा, आणि त्याची वर्गणी मागायला आमच्या दारात येऊ नका.