पाखरांसाठी राखीव

पाखरांसाठी बाग करायची तर फळं धरणारी, कणखर, दिसायला देखणी झुडपं लावा, असं मोबाईलवर जो तो सांगतो. सांगणाऱ्यांच्या गावी मे महिना येत नसावा. आमच्याकडे पारा 45च्या पुढे जातो आणि विहिरीत पाण्याऐवजी नुसता पंप दिसतो. या उन्हात हिरवं राहायची धमक करवंदात आहे. एकदा रुजलं की पाणी मागत नाही. पांढरी सुवासिक फुलं, आधी हिरवी, मग लालसर, मग काळी पडणारी फळं, आणि काटे असे जोडीजोडीनं की तारेचा खर्च वाचतो. म्हणून धुऱ्याकडेनं करवंदाची रांग लावली, फाटकाजवळ लाल फळांची कामिनी, आणि शोभेला पिवळ्या मण्यांचे घोस लोंबणारा ड्युरांटा. ड्युरांटाची फळं माणसाला विषारी, पाखरांना चालतात. गावात जे फळ चोरीला जात नाही, त्याच्याविषयी मला आदरच वाटतो.

"काय लावून रायले जी?" शेजारच्या वावरातल्या आबाजींनी विचारलं.

"पाखरांसाठी झुडपं."

"पाखराईसाठी?" आबाजींनी पान थुंकलं. "आमी जवारीवरून गोफणीनं पाखरं हाकलतो, अन् तुमी त्यायले निवतं देऊन रायले!"

निवतं पाखरांना होतं, पण पहिल्या पंगतीला शेळ्या बसल्या. कोवळ्या करवंदाचा काटाही कोवळाच असतो, हे शेळीला उपजत कळतं. मग करवंदाच्या कुंपणाला बाभळीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. शेळ्या थांबल्या, तर रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आला. घोड्याएवढं ते जनावर कुंपण ओलांडून आत शिरलं आणि सावकाश, निवडून निवडून शेंडे खाऊन गेलं. आता बाग वन्यजीवांसाठी म्हटल्यावर, वन्यजीव आला अशी तक्रार करायची कुणाकडे?

तरीही करवंद चिवट. खुडलं तितकं फुटलं, आणि तिसऱ्या वर्षी फळांनी लगडलं. मी दुर्बीण घेऊन ओसरीत बसलो. पाखरांच्या आधी बायको आली, टोपलं घेऊन.

"अगं, ती पाखरांची आहेत!"

"पाखरं पिकलेली खातात. हिरवी माझी." कायद्यानं बोलणं बिनतोड होतं. लोणच्याच्या बरण्या भरल्या, एक नागपूरला नणंदेकडे गेली. केकवरची लाल 'चेरी' बहुतेक वेळा पाकात रंगवलेलं करवंदच असतं, हे मी बायकोला मुद्दामच सांगितलं नाही. उरलेली पिकायच्या आत शाळेची पोरं येऊन गेली. पोरांनी सोडली ती वानरांनी नेली. वानरांनी नुसती नेली नाहीत, जाताना कामिनीही मोडली.

आणि बुलबुल? लालबुडे बुलबुल आले ना, जोडीजोडीनं आले. बसले मात्र घाणेरीवर. ही कुणी लावलेली नव्हती. खताच्या खड्ड्यामागे आपणहून उगवली होती. अमेरिकेच्या उष्ण भागातलं हे झुडूप साहेबानं बागेची शोभा म्हणून देशात आणलं, आणि शोभेनं मग जंगलंच्या जंगलं गिळली. पानं विषारी, म्हणून शेळी तोंड लावत नाही, पाणी कुणी घालत नाही, तरी बारमाही फुलं आणि काळ्या मण्यांचे झुपके. मी उपटायला कुदळ घेऊन गेलो की बुलबुल असा कलकलाट करत की बायको आतून विचारी, "काय केलं त्यांना?"

बुलबुल फळ बियांसकट गिळतो आणि बी जाईल तिथे पेरत जातो. आमच्या घाणेरीवर जेवून तो हात धुवायला आबाजींच्या वावरातल्या निंबावर जाई. पावसाळ्यात त्या निंबाखालच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, घाणेरीची रोपं तरारली. आबाजी सकाळीच फाटकाशी उभे राहिले. हातात दोन विळे.

"पाखरं तुमची ना जी?"

"तसं म्हणता येईल."

"मंग निंदणबी तुमचंच," असं म्हणत त्यांनी एक विळा माझ्या हातात दिला. "अन् वहिनीले म्हना, दुपारच्या भाकरीसंगं ते करवंदाचं लोणचं धाडा."