चोरी झाली तर आधी सांगा

एप्रिल २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून घेतली. नागपूरच्या भोसले घराण्याचा पाया घालणाऱ्या माणसाची तलवार ती. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदाला उधाण आलं होतं, पण संध्याकाळपर्यंत भांडण जुंपलं. नागपूरच्या महाल भागातल्या मित्राचं म्हणणं, "सगळंच परत आणा बाप्पा. ब्रिटिश म्युझियममधूनच दोन हजार वस्तू गायब झाल्या, अन् हे आपल्याला सांगून राहिले का तुमच्याकडे नीट राहणार नाही म्हणून!" धरमपेठेतल्या मैत्रिणीनं लगेच टोकलं, "आणशील, पण ठेवशील कुठं? आपल्याकडं वस्तू गेली हे कळायलाच वर्षं जातात."

मी लंडनमध्ये राहते. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण इकडचं ते प्रकरण पहिल्यापासून वाचलं असेल तर त्यातून निघणारी गोष्ट या भांडणात कुठेच येत नाही. चोरी कुठेही होते. संग्रहालयाची लायकी ठरते ती चोरीचा सुगावा लागल्यावर ते काय करतं यावर.

ब्रिटिश म्युझियमनं काय केलं? इताई ग्रादेल नावाच्या डॅनिश पुरावस्तू-व्यापाऱ्याला ईबे या विक्रीच्या वेबसाइटवर एक रोमन कोरीव रत्न दिसलं होतं. २०२० मध्ये त्याच रत्नाचा फोटो त्याला संग्रहालयाच्याच वेबसाइटवर आढळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यानं पुराव्यांसकट लिहून कळवलं. काही महिन्यांनी उत्तर आलं की सगळ्या वस्तू जागेवर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळं बाहेर आलं. सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेलेल्या, हरवलेल्या किंवा नासवलेल्या होत्या. एका कर्मचाऱ्याला काढून टाकण्यात आलं आणि संचालक हार्टविग फिशर यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी दोष ग्रादेलवर ढकलू पाहिला होता. मग तो शब्द मागे घ्यावा लागला. मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली. ज्यानं सावध केलं त्यालाच आरोपी करायचं!

परत मिळालेली काही रत्नं २०२४ मध्ये एका लहानशा दालनात मांडली होती. मी मुद्दाम गेले. नखाएवढा दगड, त्यावर कोरलेलं डोकं, कपाळावरची केसांची बट इतकी बारीक की काचेला नाक टेकवल्याशिवाय दिसत नव्हती. चोरीच्या मालातल्या काही रत्नांची सोन्याची कोंदणं उपटून काढलेली होती. अशा हजारो वस्तू फोटोशिवाय, धड नोंदीशिवाय भांडारात पडून होत्या आणि नेमक्या त्याच नेल्या गेल्या. पकडून दिलं ते फोटो असलेल्या मोजक्या वस्तूंनी. बोभाटा झाल्यावर संग्रहालयानं गेलेल्या वस्तूंचे नमुने जगासमोर ठेवले, लोकांकडे मदत मागितली, आणि मे २०२४ पर्यंत ६२६ वस्तू हाती लागल्या. पाच वर्षांत सगळा संग्रह ऑनलाइन करायचं त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. त्यासाठी २४ लाख नोंदी नव्यानं घालायच्या किंवा सुधारायच्या होत्या. १७५३ साली स्थापन झालेल्या संस्थेला ही बुद्धी २०२३ मध्ये सुचली.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये नालंदाच्या पुरातत्त्व संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यातली बाराव्या शतकातली एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये युरोपातल्या एका कला-बाजारात उभी होती. जुन्या फोटोंशी ताडून पाहणाऱ्यांनी ती ओळखली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडन पोलिसांनी ती भारताच्या हवाली केली. सत्तावन्न वर्षांनी! चोरीच्या आधी कुणीतरी फोटो काढून जपून ठेवला होता म्हणून.

सगळं उघड केलं की वस्तू मिळतेच असं नाही. बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून १९९० मध्ये तेरा कलाकृती गेल्या, त्यांनी जगभर सांगितलं, एक कोटी डॉलरचं बक्षीस लावलं, रिकाम्या चौकटी भिंतीवर तशाच ठेवल्या. अजून एकही परत आलेली नाही. शांतिनिकेतनातून २००४ मध्ये गेलेलं रवींद्रनाथांचं नोबेल पदकही नाही. पण या वस्तू कुणाला उजळ माथ्यानं विकता येत नाहीत. गुपचूप गेलेली वस्तू मात्र चार हात फिरून 'जुन्या खासगी संग्रहातली' म्हणून राजरोस उभी राहते.

आपल्या सरकारी संस्थांची अडचण मी समजू शकते. झाकली मूठ सव्वा लाखाची हाच तिथला रिवाज आहे, आणि त्यामागे खरी भीती आहे. तोंड उघडलं की चौकशी समिती, मग निलंबन, आणि ते बहुतेक वेळा भांडाराची किल्ली सांभाळणाऱ्या सगळ्यात खालच्या माणसाचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अशानं संग्रह सांभाळणारा कोणता अभिरक्षक आपणहून वर कळवेल की पडताळणीत तीन नाणी कमी भरली? म्हणून कळवणाऱ्याला संरक्षण आधी हवं. आणि याद्या उघड केल्या तर चोरांना आयती यादी मिळेल, ही भीती मला पोकळ वाटते. आतल्या चोराला यादी पाठच असते. जागा आणि कुलपं गुप्त ठेवा, वस्तू नको.

आता आपला नागपूरचा अजब बंगला. १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत तांबं दिसलं. खणल्यावर कुऱ्हाडींसारख्या ४२४ तांब्याच्या वस्तू आणि १०२ चांदीचे पत्रे निघाले. त्या ठेव्याचा काही भाग नागपुरात आहे, काही ब्रिटिश म्युझियममध्ये. इकडच्या तुकड्यांच्या नोंदी मी घरबसल्या पाहू शकते. नागपूरच्या प्रत्येक कुऱ्हाडीचा फोटो, वजन, नोंद क्रमांक मला तसाच पाहता यायला हवा. उद्या त्यातली एक कुठल्या लिलावात निघाली तर माझ्यासारखी कुणीतरी ओळखेल.

डिसेंबरमध्ये अधिवेशनासाठी अख्खं सरकार सिव्हिल लाइन्समध्ये येतं. विधानभवनापासून अजब बंगला फार लांब नाही. तलवारीसाठी टाळ्या वाजवणाऱ्या विदर्भातल्या आमदारांनी सभागृहात एवढं विचारावं: नोंदवहीत वस्तू किती, त्यातल्या किती वस्तूंचे फोटो आहेत, प्रत्यक्ष पडताळणी शेवटची कधी झाली आणि तिचा अहवाल लोकांना कधी वाचायला मिळणार?