मुठीएवढं भोक

सहकारनगरच्या मामेभावाचा मेसेज दर पावसाळ्यात ठरलेला: ‘ओढ्याची भिंत अजून अर्धवटच रे!’ दादाची तक्रार खोटी नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, पुण्यात वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून चर्चा भिंत, रुंदीकरण, अतिक्रमण याभोवतीच फिरते. पाणी मुठेत लवकर कसं ढकलायचं, एवढंच.

मी अमेरिकेत, मेरीलँड राज्यात राहतो. आमच्या घरांमागे पावसाचं पाणी धरून ठेवायला खोदलेला एक गवताळ खड्डा आहे, एरवी कोरडा. कोपऱ्यात काँक्रीटची उभी पेटी, तळाशी मुठीएवढं भोक, वर रुंद खिडकी. धो धो पाऊस खिडकीतून जातो, नेहमीचा त्या भोकातून निवांत झिरपतो. सगळी गंमत भोकात आहे. जुन्या खड्ड्यांचा हिशेब फक्त मोठ्या पुराचा होता, त्यामुळे भोकं मोठी. लहानसहान पाऊस सरळ आरपार, सोबत रस्त्यावरचं तेल आणि लॉनचं खत. पूर टळले, पण ओढ्यांचे काठ खरवडले गेले. म्हणून राज्याच्या २०००च्या नियमावलीने वर्षातून एकदा येणारा जोरदार पाऊस २४ तास धरून हळूहळू सोडायला लावला. ट्राउट मासे असलेल्या ओढ्यांसाठी मात्र १२ तासच, कारण खड्ड्यात तापलेलं पाणी त्यांना सोसत नाही. माशांसाठी घड्याळ लावणारं सरकार! मला आधी हसू आलं होतं.

इथेही सगळं सुरळीत नाही. २०१२च्या कायद्याने पावसाच्या पाण्याच्या बंदोबस्तासाठी शुल्क सक्तीचं केलं, तर लोकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हणून झोडपलं आणि २०१५मध्ये सक्ती गेली. आणि पानगळीत ते भोक बुजतं. मागच्या नोव्हेंबरात मीच फावड्याने पाला उपसला.

हे माप जसंच्या तसं पुण्याला लावा, असं मी म्हणणार नाही. आपला पाऊस वेगळा, आणि ओढ्यात बारमाही सांडपाणी. ते बंद केल्याशिवाय खड्डा खोदला तर गटाराचं तळंच होईल. डासांचं म्हणाल तर अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो, दीड-दोन दिवसांत रिकाम्या होणाऱ्या खड्ड्याला ती भीती कमी. पाणी धरून ठेवणं आपल्याला परकंही नाही, मुंबईत हिंदमातासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्याच की. पण त्या रस्ता तुंबू नये म्हणून. ओढ्याचं काय? भिंत तर पाणी पुढच्या वस्तीच्या दारात नेऊन सोडते. धरायचं ते ओढ्याच्या वरच्या अंगाला, कात्रजकडेच, सोसायट्यांच्या आवारातच.

दादाला हे फोनवर सांगितलं. ‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाला. मग त्याने फोटो पाठवला: सोसायटीच्या आवारात उरलेल्या मातीच्या पट्ट्यावरही नवेकोरे पेव्हिंग ब्लॉक. खाली लिहिलंय, ‘आता चिखल नाही!’