भाच्याचा माल्ट, मामाचं गोदाम

जून लागला की कोल्हापुरात सगळंच मऊ पडतं. पापड, काडेपेटी, भडंग, माणसाचे निर्धार. अशा गावात जेमतेम चार-पाच टक्के ओल असलेलं धान्य वर्षभर कुरकुरीत राखायची जबाबदारी माझ्यावर आली. घरच्या गव्हात दहा-बारा टक्के ओल असली तरी तो तक्रार करत नाही. माल्टला, म्हणजे बीअरसाठी तयार केलेल्या ह्या धान्याला, तेवढी सोसत नाही. तो मऊ पडतो, त्याची चव उतरते, आणि किडे नातेवाइकांना घेऊन राहायला येतात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभी नोकरी पाणी साठवण्यात गेली, कोरडं ठेवण्याचा अनुभव शून्य.

भाचा बंगळुरूला एका मायक्रोब्रूअरीत बीअर बनवायचा. ती नोकरी सोडून तो पुढचं शिकायला जर्मनीला निघाला आणि त्याच्या प्रयोगांतून उरलेला माल्ट माझ्या दारात उतरवून गेला. ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, ‘देवघराला लागून असली पोती नकोत’ म्हणून आधीच हात वर केले होते. मामाच्या घरात देवघर नाही, अशी तिची समजूत असावी.

पिल्सनर माल्टचं मोठं पोतं, गव्हाच्या माल्टचं त्याहून लहान, कॅरामेल आणि चॉकलेट माल्टच्या पिशव्या, शिवाय आधीच भरडून ठेवलेली एक पिशवी. “मामा, परत आलो की रीतसर लायसन काढतो. तोवर सांभाळा.” तिकडं जर्मनीत लोक घरच्या घरी बीअर करतात आणि सरकार काही म्हणत नाही. आपल्याकडं १९४९चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना बनवणं गुन्हा. म्हणजे ज्या कामासाठी तो माल्ट जन्माला आला, ते सोडून बाकी सगळं त्याच्याशी करायची मला मुभा होती.

तरी मनाची खात्री म्हणून शेजारच्या निवृत्त हवालदारांना विचारलं. त्यांनी चार दाणे तळहातावर घेऊन पोलिसी नजरेनं तपासले. “धान्यच हाय की ह्ये. ह्यात नशा कुठाय? पण पाण्यात घालून यीस्ट टाकलंसा, तर मला सांगू नका.” मग आवाज उतरवून, “नुसतं बोलवा.”

आईनं मात्र एक दाणा दाढेखाली धरला आणि निकाल देऊन टाकला. “मोड आणून वाळवलंय. आपण नाचणीचं सत्त्व करतो तसंच. मोड कुठं गेले?” मोड कारखान्यात झाडून काढतात, हे भाच्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. जव भिजवायचे, मोड येऊ द्यायचे, आणि पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्स दाण्यात तयार झाली की नेमक्या वेळी गरम हवेवर वाळवून सगळं थांबवायचं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. “एवढ्यासाठी जर्मनीला?”

खरा प्रश्न ठेवायचं कशात, हा होता. घरातली हवाबंद म्हणावी अशी एकच वस्तू, चटणीचं पिंप. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी झाली की ती त्यात जाते आणि पुढं वर्षभर पिंप आणि चटणी एकमेकांना सोडत नाहीत. मागच्या वर्षीची चटणी संपत आली होती, म्हणून पिंप दोनदा घासलं, उन्हात वाळवलं आणि भाच्याला अभिमानानं फोटो पाठवला. त्याचा फोन लगेच आला. “मामा, माल्ट वास ओढून घेतो! लसणाची बीअर कोण पिणार?” कोल्हापुरात पिणारे निघतील, असं मला वाटलं, बोललो नाही.

शेवटी झाकण घट्ट बसणारे नवे प्लॅस्टिकचे डबे आणले. तेवढ्यात किडीची चर्चा सुरू झाली, आणि ह्या विषयावर मत नाही असं माणूस आमच्या गल्लीत नाही. काकी म्हणाल्या कडुनिंबाचा पाला घाला. वैनींचं म्हणणं, बिब्बे टाका, सोंडे फिरकत नाहीत. खालच्या मजल्यावरून एरंडेल चोळायचा सल्ला आला, कोपऱ्यावरून बोरिक पावडरीचा. प्रत्येक उपाय मी जर्मनीला कळवत होतो आणि तिकडून प्रत्येकाला नकार येत होता. कडुनिंब कडू उतरेल. एरंडेलानं फेस मरेल. बोरिक पावडरीबद्दल तो बराच वेळ बोललाच नाही.

त्याचा स्वतःचा उपाय असा की दाणा डीप फ्रीझरात तीन-चार दिवस ठेवायचा. किडे आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. आता एवढं पोतं फ्रिजच्या वरच्या खणात बसवायचं, तर ते थोडं थोडं करूनच. पहिला हप्ता आत गेला आणि आमचं मटण बाहेर आलं. बायको म्हणाली, “अहो, तो वाया जाऊ नये म्हणून हे शिजवायचं, असंच ना?” त्या आठवड्यात घरात तांबडा-पांढरा इतक्या वेळा झाला की माल्टविषयी पोरांचं मत एकदम चांगलं झालं. एक पथ्य मात्र कडक: पिशवी बाहेर काढली की ती घरातल्या हवेइतकी उबदार होईस्तोवर उघडायची नाही. गार दाण्यावर पावसाळी हवा लागली की दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

रोज सकाळी चहाआधी मी एक दाणा चावून बघायचो. कट्कन तुटला आणि जिभेवर गोडसर पीठ आलं, की ठीक. दाताखाली नुसता दबला, की धोका. सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा देतंय की ४३ला धोका, हे बघत असताना मी दाढ लावून माझी पातळी मोजत होतो.

भरडलेल्या पिशवीनं सगळ्यात आधी मान टाकली. अख्खा दाणा नीट ठेवला तर वर्षभर टिकतो, पण एकदा फोडला की हवा आत शिरते आणि एक-दोन महिन्यांत त्यातला ताजेपणा जातो. बुरशी नव्हती, वास चांगला होता, म्हणून टाकवेना. गिरणीत घेऊन गेलो. गिरणीवाला म्हणाला, “भरड तर झालीया की. म्हशीला ना?” मी म्हटलं, माणसांना, बारीक पीठ कर. त्यानं माझ्याकडं एकदा आणि पिशवीकडं दोनदा बघितलं.

ते पीठ बायकोनं ज्वारीच्या पिठात मूठभर घातलं. आमच्याकडं भाकरीच्या पिठात कढत पाणी ओतून थोडा वेळ झाकून ठेवतात. झाकण काढलं, तर परातीत पीठ सैल होऊन बसलेलं. आणखी पीठ घातलं, मळलं, तर पुन्हा हाताला चिकटायला लागलं. बोट चाटलं, तर चक्क गोड. बीअरवाले पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर जे मुद्दाम करतात, ते आमच्या परातीत आपोआप सुरू झालं होतं. पाण्यानं ज्वारीचं पिष्ट उकललं आणि माल्टनं ते खायला घेतलं. कशीबशी थापलेली भाकरी तव्यावर पडताच काळी झाली. “सत्त्व पेजेत घालायचं असतं,” आई म्हणाली. “पेज पातळ होते, पोराला पाजता येते. भाकरीत कोण घालतं?” हे तिनं सगळं झाल्यावर सांगितलं.

चॉकलेट माल्टची हकीकत थोडक्यात. नातवानं पिशवीवरचं नाव वाचलं, मूठ भरून तोंडात टाकली आणि जळक्या कॉफीसारखी कडूजहर चव लागल्यावर माझ्याशी बोलणं बंद केलं. त्यात चॉकलेट नसतं, दाणा दोनशेच्या वर अंशांत भाजून तो रंग येतो, हे मी त्याला अजून समजावतोय.

बायकोला मात्र हात बसला. गव्हाच्या माल्टचं चमचाभर पीठ पावाच्या कणकेत घातलं की पाव छान फुगतो, वरून लाल होतो, हे तिनं शोधून काढलं. चमच्याची वाटी झाली. काकींना थोडं, वैनींना थोडं. हवालदारही “चव बघाया” म्हणून डबा देऊन गेले.

परवा भाच्याचा फोन. “मामा, ओल धरली की माल्टचं वजन वाढतं. गव्हाचा डबा वजन करून सांगा.”

केलं वजन. “अरे, एकदम कोरडा आहे,” मी म्हटलं. “इतका कोरडा, की उलट सहा किलो घटलाय.”