स्वयंपाकघरातली खसखस कुंडीत पेरू नका

‘अनारशाला आणलेली मूठभर खसखस कुंडीत टाका, थंडीत पॉपीची फुलं मोफत,’ असा निरोप सध्या फिरतोय. त्यातलं ‘मोफत’ महागात पडेल.

खसखस ही अफूच्याच झाडाची बी. खायला, विकत घ्यायला हरकत नाही, पण तिचं झाड परवान्याशिवाय लावणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. दोनच रोपं होती, शोभेला होती, ही सबब नव्हे. परवाने केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो देतो, तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांतच.

फुलंच हवीत ना? मग बियांच्या दुकानातून शर्ली पॉपी किंवा कॅलिफोर्निया पॉपीचं पाकीट आणा, ही अफूची झाडं नव्हेत. पाकिटावरचं नाव मात्र वाचा.

याच निरोपात ‘ट्रेमध्ये रोपं करून मग हलवा’ असंही आहे. तेही चूक. पॉपीचं सोटमूळ नाजूक असतं, हलवलं की रोप मान टाकतं. जिथे फुलायचं तिथेच पेरा. पुण्या-नाशकाकडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर ही वेळ बरी. शर्लीचं बी इतकं बारीक की चिमटीत शेकडो येतात. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचं आणि तळव्याने नुसतं दाबायचं, वर माती लोटायची नाही. पाणी झारीने नको, फवाऱ्याने द्या, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं (माझं गेलं होतं). रोपं बोटभर झाली की वीतभर अंतर ठेवून बाकीची निर्दयपणे उपटा.