‘जर्मन शब्द तसाच ठेवून पूर्ण पैसे घेतले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार. आपल्या मुलाच्या जर्मन शालेय प्रमाणपत्राचा इंग्रजी अनुवाद आम्ही करून दिला, तरी त्याच्या प्रवेशासाठी आपल्याला कॉलेजात पुन्हा हेलपाटा घालावा लागला, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

मात्र ‘अवघड शब्द जर्मनमध्येच ठेवला आणि पैसे पूर्ण घेतले’ हे आपले वाक्य जिव्हारी लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रमाणपत्रावर ‘फाखहोखशूलराइफे’ असे छापलेले आहे आणि त्याचे इंग्रजीत ‘हायस्कूल’ किंवा सरळ ‘बारावी पास’ करावे, असा आपला आग्रह होता. जर्मनीत ‘होखशूले’ म्हणजे हायस्कूल नव्हे, ती उच्चशिक्षण देणारी संस्था असते. आणि हे प्रमाणपत्र बहुधा बारावीच्या वर्षानंतर मिळत असले, तरी आबिटूर या तिथल्या शालान्त प्रमाणपत्राप्रमाणे त्यावर तिथल्या सगळ्या विद्यापीठांत प्रवेश मिळत नाही, मुख्यतः उपयोजित विज्ञानांच्या संस्थांत मिळतो. म्हणून आम्ही मूळ शब्द ठेवला आणि त्यालगत चौकटी कंसात इंग्रजी अर्थ दिला. त्या कंसाचा आपल्या अभिप्रायात उल्लेखही नाही, याचे वाईट वाटते. हे शिक्षण आपल्या बारावीच्या बरोबरीचे आहे की नाही, हे अनुवादकाने ठरवायचे नसते. समकक्षतेचा दाखला त्यासाठी नेमलेली अधिकृत संस्था देते.

आपण अनुवादात गुणांचे टक्केही मागितले होते. जर्मनीत १ ही सर्वांत वरची आणि ६ ही सर्वांत खालची श्रेणी असते, त्यामुळे आपल्या मुलाचे २.३ हे चांगलेच यश आहे आणि तशी तळटीप आम्ही दिली आहे. पण मूळ कागदावर नसलेले टक्के आमच्या शिक्क्याखाली कसे लिहावेत?

अनुवादाला उशीर झाल्याच्या तक्रारीविषयी एवढेच, की व्हॉट्सॲपवर प्रथम पुढच्या बाजूचाच फोटो आला. श्रेणींचा खुलासा मागच्या बाजूला होता, तो शुक्रवारी रात्री मिळाला आणि सोमवारी दुपारी अनुवाद आपल्या हाती होता. दरही काम घेण्यापूर्वीच कळवला होता.

यापुढे अशा प्रमाणपत्रांसोबत कॉलेजसाठी खुलाशाचे पत्र जोडण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपल्यालाही ते विनामूल्य देऊ, मूळ प्रमाणपत्र घेऊन कार्यालयात यावे. आमच्याकडे येणारे बहुतेक पालक आधी इथले अभिप्राय वाचतात आणि आमचे घर याच कामावर चालते. तेव्हा वरील मजकूर वाचून आपण अभिप्रायाचा फेरविचार करावा, ही नम्र विनंती.