काकू, बंड्या आणि एक जास्वंद

समुद्रकिनारी घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर झोपाळा, गार वारा, सूर्यास्त वगैरे येतं. माझ्या डोळ्यासमोर खड्डा येतो. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारी आलं की पहिला पाय त्यातच जातो. आणि तो रोज नव्या जागी असतो, त्यामुळे सवय होण्याचाही चान्स नाही.

खड्डेवाले दोघं, आमचे कुत्रे. एक बंड्या, वय दोन वर्षं, अक्कल सहा महिन्यांची. दुसरी काकू. ही पिल्लू असल्यापासून कपाळाला आठी घालून असं बघायची की आपण फरशीवर ओले पाय घेऊन आलोय असं वाटायचं, मग दुसरं नाव सुचणार कुठून. त्या नावाचा तोटा कळला तो किनाऱ्यावर. ती काहीतरी सडकं चघळत होती आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "काकू, टाक ते तोंडातलं! घाण आहे! टाक म्हणतो ना!" तर पुढे चाललेल्या एक बाई आइस्क्रीम तोंडाजवळ धरून तशाच थिजल्या. आमच्या काकूने अर्थातच काही टाकलं नाही.

आता बाग. बाग म्हणजे वाळू. बादलीभर पाणी ओतलं की ते झाडाला जेमतेम रामराम करून खाली निघून जातं आणि जाताना खतही सोबत नेतं. वरून खारा वारा, पानांच्या कडा अशा करपतात की वाटावं कुणी इस्त्री विसरलंय. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं म्हणे, त्यातलं निम्मं माझ्या गुलाबावर येऊन बसलं असावं, कारण तो महिनाभरात गेला. वारा सोसणारी चिवट झाडं आहेत की, कण्हेर आहे, पण कण्हेर कुत्र्याच्या हृदयाला विषारी. सायकस दिसतो झकास, पण त्याच्या बिया चावल्या तर कुत्र्याचं लिव्हर जातं, आणि आमच्याकडे काय चावायचं नाही अशी यादीच नाहीये. थोडक्यात, जे समुद्राला चालतं ते कुत्र्यांना चालत नाही आणि जे कुत्र्यांना चालतं ते कुत्रे ठेवत नाहीत. बायको म्हणते, बाग तुझी की त्यांची ते एकदा ठरव. जसं काही ठरवणं माझ्या हातात आहे.

मग जास्वंद आणली. कुत्र्यांना त्रास नाही, वारा बऱ्यापैकी सोसते. छान खड्डा केला, कंपोस्ट घातलं, दोन मुठी बोनमील घातलं, रोप लावलं, पाणी दिलं, फोटोसुद्धा काढला. सकाळी जास्वंद पायपुसण्यावर. मुळांसकट, कुंडीच्या आकाराच्या मातीसकट, अगदी पार्सल ठेवल्यासारखी. मी बंड्याला झापलं, त्याने शेपूट हलवली, विषय संपला. परत लावली, बिचारीला धक्का बसलाय म्हणून बोनमील जरा जास्त. परत पायपुसण्यावर. तिसऱ्यांदा अजून जास्त. चौथ्यांदा पिशवी उघडता उघडता मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बोनमील म्हणजे हाडांचा चुरा. म्हणजे मी रोज संध्याकाळी अंगणात हाडं पुरत होतो आणि ती उकरली म्हणून रोज सकाळी कुत्र्याला शिव्या देत होतो. त्याला बहुतेक वाटत असेल की हा आमच्यातला एक खेळ आहे आणि माझा स्मरणशक्तीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे.

बोनमील बंद. जास्वंदीभोवती तारेची जाळी. तर दोघं जाळीच्या बाहेर, तिच्या सावलीत खणायला लागले. एकदा भर दुपारी मी रागारागाने खड्डा बुजवायला गेलो, वरची वाळू चपलेतूनही भाजत होती, आणि सहज खड्ड्यात हात घातला तर आत वीतभर खाली गार, ओलसर, माठाला हात लावल्यासारखं. कुत्र्यांना घाम येतो तो जेमतेम पंजाच्या गाद्यांना, बाकी सगळा कारभार जीभ बाहेर काढून चालतो, मग ती गार जमिनीला पोट टेकणार नाहीत तर काय करणार. माझ्या खोलीत एसी आहे, यांनी यांचा केलाय. फावडं मुकाट्याने परत ठेवलं.

(मेलेल्या माशावर लोळून आलेल्या काकूला आंघोळ घालण्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तीन वेळा शाम्पू झाला, आणि रात्री माझ्याच कानामागे एक खवला सापडला.)

तरी जास्वंदीची पानं कमी होतच राहिली. कुरतडलेली नाहीत, गायबच. जाळीखाली नवीन भोक. आता मात्र बंड्याची खैर नाही म्हणून परवा रात्री दोन वाजता खणण्याचा आवाज आला तसा मी एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन बाहेर गेलो. बंड्या वाळूत खांद्यापर्यंत आत, मागचं टोक तेवढं वर. टॉर्च मारला तर समोर बशीएवढा खेकडा, दोन्ही नांग्या वर, आणि त्याच्या बिळाच्या तोंडाशी माझ्या जास्वंदीचं पान, अर्धं आत ओढलेलं. जमिनीवरचे हे मोठे खेकडे पालाच खातात बहुतेक, आणि बीळ ओलावा लागेपर्यंत खाली नेतात, मीटर-दीड मीटरसुद्धा. म्हणजे इतके दिवस चोर वेगळाच होता आणि बंड्या त्याच्या मागावर होता, आणि मी मात्र पोलिसालाच चपलेने मारायला निघालो होतो.

तेवढ्यात खेकड्याने चपलेचा पट्टा धरला. मी चप्पल सोडली. खेकड्याने नाही सोडली, तो ती घेऊन मागे मागे सरकत बिळाकडे निघाला.

मी खाली बसलो, टॉर्च दोन्ही हातांनी नीट धरला.

"बंड्या, डावीकडे बघ. अरे तुझ्या डावीकडे! जाऊ देऊ नकोस!"

आमच्या दोघांच्या मागे काकू येऊन उभी होती. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, कपाळाला आठी घातली आणि आत जाऊन माझ्या उशीवर झोपली.